दिगूकाकांचा कान

बनारसमधल्या आमच्या दूधविनायकाच्या गल्लीत कुणाला सर्दी होणार आहे हे त्या माणसाच्या आधी दिगूकाका आठल्यांना कळत असे. भाजीवाला बिसेसर खालून "हरी मटर" म्हणून ओरडला की वरच्या खिडकीतून काका सांगत, "बिसेसर, आज नाक भारी है तुम्हारी. काढ़ा पियो." बिसेसर हसायचा आणि दुसऱ्या दिवशी शिंकत यायचा. एकदा माझी आई मला रागावत असताना काका जिना चढून वर आले. म्हणाले, "वहिनी, रागावताना तुमचा आवाज वर जातो, आज तो खाली गेला. ताप बघा." ताप निघाला. या माणसाच्या शेजारी राहून धड भांडायचीही सोय नाही, असं आई पुढे कित्येक दिवस म्हणत होती.

काका अंगाने किरकोळ, रंगाने उजळ आणि कान मात्र भलेमोठे. गल्लीतली पोरं त्यांना मागून हत्ती म्हणत, आणि ते काकांना ऐकू येत असणारच. लहानपणी रामघाटावरच्या वेदपाठशाळेत त्यांनी बारा वर्षं काढली होती. घनपाठापर्यंत अध्ययन झालं होतं. पण भिक्षुकी न करता त्यांनी रेल्वेच्या कचेरीत नोकरी धरली आणि तिथूनच निवृत्त झाले. कारण विचारलं तर म्हणत, "मला म्हणण्यापेक्षा ऐकायला आवडतं. आणि ऐकणाऱ्याला कुणी जेवायला बोलावत नाही."

पाठशाळेने मात्र त्यांना सोडलं नव्हतं. दरवर्षी विद्यार्थ्यांची परीक्षा व्हायची तेव्हा परीक्षक म्हणून काका बसत. डोळे मिटलेले, उजवा हात गुडघ्यावर. एखादा स्वर चुकला, एखादं अक्षर गळलं की तर्जनी वर जायची आणि मुलगा जागच्या जागी थांबायचा. मग मागे जाऊन पुन्हा सुरुवात. यात दयामाया नव्हती. "चूक करणारा एकदा चुकतो, ऐकून गप्प बसणारा दोनदा," हे त्यांचं वाक्य आम्हाला सगळ्यांना पाठ होतं. सख्ख्या पुतणीच्या लग्नात त्यांनी मंगलाष्टकांच्या आधी गुरुजींना बोट वर करून थांबवलं होतं, कारण एका मंत्रातला एक शब्द गुरुजींनी घाईत गिळला होता. मुहूर्ताला चार मिनिटं राहिलेली. वरपक्षाची माणसं लाल झाली, गुरुजींनी दात ओठ खात मंत्र पुन्हा म्हटला, आणि रमाकाकू पदरात तोंड लपवून बसल्या. नंतर काका मला म्हणाले, "वसू, तो शब्द गेला असता तर लग्न झालं असतं, पण कुणाचं झालं असतं सांगता येत नाही."

माझा त्यांच्याशी रोजचा संबंध आला तो वर्तमानपत्रामुळे. नव्वदीच्या दशकात मी तिथल्या एका हिंदी दैनिकात उपसंपादक होते. काका दर आठवड्याला आमच्याकडे संगीतावर एक सदर लिहीत. अक्षर त्यांचं असं की छापखान्यातला जुळारी हात जोडायचा, म्हणून ते सांगत आणि मी उतरवून घेई. सदराची पद्धतही त्यांचीच. एखादी मैफल किंवा नवी कॅसेट आली की आधी काका स्वतः काही बोलत नसत. आठवडाभर लोकांना विचारत फिरत. नावाडी, साडीच्या दुकानातला मुनीम, पानवाला, विद्यापीठातले प्राध्यापक, पाठशाळेतली शेंडीवाली मुलं. ज्याचं मत जसं असेल तसं, त्याच्या शब्दांत लिहायचं. शेवटी दोन-तीन ओळी स्वतःच्या. आमचे संपादक पांडेजी म्हणत की आठल्येजींचं सदर म्हणजे पंचायत आहे, सरपंच सगळ्यात शेवटी बोलतो. आणि सरपंच बोलला की शहर ते मानत असे, हेही खरंच.

आता माधव साठेविषयी सांगायला हवं. हा रामघाटावरचाच मुलगा. सात वर्षं पाठशाळेत होता, आणि काका संध्याकाळी घरी त्याच्याकडून वेगळा पाठ करून घेत. एवढा लांब आणि स्वच्छ दम दुसऱ्या कुणाचा नाही म्हणत. सतराव्या वर्षी माधवने शेंडी कापली, विद्यापीठात नाव घातलं आणि तीन मित्रांबरोबर रॉक बँड काढला. नाव 'सीढ़ी'. गाणी त्याने लिहिलेली, हिंदी, मध्येच बनारसी. रामघाटावर हाहाकार झाला. सगळ्यांना वाटलं काका त्याचं तोंड बघणार नाहीत. काका बँडच्या पहिल्याच कार्यक्रमाला कानटोपी घालून पुढच्या रांगेत जाऊन बसले.

त्या कार्यक्रमाला मीही होते. तिसऱ्या गाण्यात माधव एका ओळीतला एक शब्द खाऊन पुढे गेला. पुढच्या रांगेत काकांची तर्जनी वर गेली. आणि माधव, हातात गिटार, समोर चारशे मुलं, खटकन थांबला. ड्रमवाला गोंधळून थांबला. माधवने ओळ पहिल्यापासून म्हटली. लोकांना वाटलं गाणंच तसं आहे, टाळ्यांचा कडकडाट झाला, आणि पुढे प्रत्येक कार्यक्रमात त्या जागी थांबायची रीतच पडली. कार्यक्रम संपल्यावर माधव काकांच्या पाया पडला. काका म्हणाले, "आवाज फार मोठा आहे तुमच्या त्या पेट्यांचा. पण शब्द कळतात. दम कुठे घ्यायचा ते विसरला नाहीस."

'सीढ़ी'ची पहिली कॅसेट बनारसमध्ये घरोघर वाजली. दोन वर्षांनी दिल्लीच्या एका कंपनीने त्याच गाण्यांचा रिमिक्स अल्बम काढला. तेव्हा रिमिक्सची लाट होती. जुन्या गाण्याला नवा ठेका, यंत्रावरचे ढोल, मधूनच उलटी फिरवलेली ओळ. अल्बम बाजारात आला आणि शहरात भांडणं सुरू झाली. काका वही घेऊन बाहेर पडले. त्या आठवड्याची मतं मला अजून आठवतात. लालमन नावाड्याने सांगितलं, "गुरू, पहिलका सुनत रहलीं त मन करे कि नाव रोक देईं. ई सुनके मन करत हौ कि जल्दी घाटे पहुँच जाईं." म्हणजे जुनी ऐकताना नाव थांबवावीशी वाटे, ही ऐकून कधी एकदा घाट गाठतो असं होतं. संगीताच्या एका प्राध्यापकांनी सांगितलं की हा गुन्हा आहे आणि त्यावर लिहिणं हा दुसरा गुन्हा. साडीच्या दुकानातला मुनीम म्हणाला की गिऱ्हाईक पाय हलवतं आणि पाय हलले की बसून राहतं, तेव्हा चांगलंच म्हणायचं. महिला महाविद्यालयातल्या मुली म्हणाल्या की पहिल्या कॅसेटवर रडता येत होतं, हिच्यावर नाचता येतं, आणि परीक्षा जवळ आल्यामुळे त्यांना नाचायचंच आहे. दिल्लीच्या एका इंग्रजी वर्तमानपत्रातल्या समीक्षकाने तर एका परिच्छेदात सगळा अल्बम कचऱ्यात टाकला होता.

काकांनी तो आमच्या कचेरीतल्या टेपरेकॉर्डरवर सहा वेळा ऐकला. मग माझ्यासमोर बसून स्वतःचं मत सांगायला लागले, आणि मी लिहिताना थबकले, कारण ते रिमिक्सच्या बाजूने बोलत होते. त्यांचं म्हणणं असं, की लोक उगाच ओरडतात. आमच्या घनपाठात दुसरं काय आहे? पहिला शब्द, दुसरा. मग दुसरा, पहिला. मग पहिला, दुसरा, तिसरा, आणि लगेच उलट, आणि पुन्हा सुलट. ऋचेची इतकी उलथापालथ शेकडो वर्षं चालली आहे, आणि ती कशासाठी, तर एकही अक्षर हरवू नये म्हणून. या मुलांनीही ओळी उलट्यासुलट्या केल्या, पण शब्द एकही टाकला नाही. तेव्हा यात पाप नाही.

"लिहिलंस?" त्यांनी विचारलं. "आता पुढे लिही. मात्र तीन गाण्यांत गळा दुसऱ्याचा आहे. कुणाचा ते मला माहीत नाही, माधवचा नाही. दम घेण्याची जागा वेगळी आहे."

मी पेन थांबवलं. "काका, कॅसेटवर तर माधवचंच नाव आहे."

"नाव कॅसेटवर आहे. मी गळ्याबद्दल बोलतोय. आणि पुढे लिही, की खरं सांगायचं तर हा दुसरा गळा जास्त तयारीचा आहे."

पानावर जागा कमी पडत होती. एक ओळ कापावी लागणार होती आणि मी ती शेवटची, गळा जास्त तयारीचा असल्याची, कापली. माधवला वाईट वाटेल म्हणून कापली. त्याच्या आधीची ओळ कापावी असं मला सुचलं नाही. उलट आपल्या पत्रात काहीतरी नवी बातमी चालली आहे याचा थोडा आनंदच झाला होता. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही, आणि ती आठवली की अजूनही मला स्वतःची लाज वाटते.

सदर छापून आल्यानंतर तिसऱ्या दिवशी माधव कचेरीत आला. गळ्याला मफलर, हातात चिठ्ठ्यांची वही. बोलला नाही, लिहून दाखवलं. 'दिगूकाकांना कोणी सांगितलं?' मी म्हटलं कुणीही नाही, त्यांनी ऐकलं. तो खुर्चीत बसला. मग त्याने लिहून जे सांगितलं ते असं. त्याच्या गळ्यात गाठ झाली होती. शस्त्रक्रिया व्हायची होती आणि तोपर्यंत बोलायचीही बंदी. मूळ टेपपैकी तीन गाण्यांची टेप ओलीने खराब निघाली आणि कंपनीने ती पुन्हा गायला सांगितली. गळा गेला असं कळलं असतं तर कंपनीने करार मोडला असता, कारण करार त्याच्या गळ्याशी होता आणि पुढे मोठा दौरा ठरला होता. म्हणून मित्रांनी अलाहाबादहून एक मुलगा गुपचूप आणून त्याच्याकडून तीन गाणी गाऊन घेतली. डॉक्टर म्हणत होते तीन महिन्यांत गळा परत येईल. तेवढाच वेळ काढायचा होता. आता दिल्लीच्या त्या समीक्षकाने काकांचं सदर वाचून विचारलं होतं की हा गायक आहे तरी कोण, आणि खुलासा मागणारं कंपनीचं पत्र आलं होतं.

मी त्याला घेऊन काकांकडे गेले. रमाकाकूंनी त्याला पाहिल्याबरोबर हळद घातलेलं दूध आणलं. काकांनी चिठ्ठ्या एकामागून एक वाचल्या, चष्मा काढला, पुसला, परत घातला. शेवटी म्हणाले, "आधी माझ्याकडे यायचंस. सांगायचंस."

माधवने लिहिलं, 'सांगितलं असतं तर तुम्ही लिहिलं नसतं का?'

काकांनी बराच विचार केला. "लिहिलं असतं," ते म्हणाले. माधवने मान हलवली आणि दूध पिऊन निघून गेला. मला काकांचा इतका राग आला की मी निरोप न घेता जिना उतरले.

चार दिवसांनी काकांनी मला घरी बोलावलं. खोलीचं दार लावलं. म्हणाले, "लिही. मागच्या आठवड्याच्या सदरात माझी गलती झाली. तो गळा माधव साठे याचाच आहे. गेली दोन वर्षं मला डाव्या कानाने कमी ऐकू येतं."

"काका, हे खरं नाही."

"मला माहीत आहे. खोटं लिहायची सवय नाही म्हणून तर तुला बोलावलं. तू अखबारातली आहेस."

मला हसू आलं आणि रडूही आलं. मी म्हटलं, "डाव्याच कशाला? लोक म्हणतील, उजव्याने तर ऐकलं असेल."

"मग दोन्ही लिही," ते म्हणाले. "अर्धवट कशाला करायचं?"

पांडेजींनी मजकूर वाचून माझ्याकडे पाहिलं. त्यांनी काही न विचारता तो छापायला दिला. दिल्लीची कंपनी शांत झाली. बनारसच्या म्हाताऱ्या समीक्षकाच्या कानाचा दोष, एवढ्यावर प्रकरण मिटलं. पण इकडे पत्रांचा ढीग पडला. ज्यांना रिमिक्स आवडला नव्हता त्यांना उलगडा झाला की आठल्येजींना तो का आवडला. प्राध्यापकांनी लिहिलं की बहिऱ्याने गोंगाटाचं कौतुक करावं यात नवल काय. एकाने जुनी सदरंही तपासून घ्यावीत अशी मागणी केली. काकांनी ती पत्रं माझ्याकडून वाचून घेतली. प्राध्यापकांच्या पत्राला म्हणाले, "वाक्य चांगलं जमलंय." सदर त्यांनी त्याच आठवड्यात बंद केलं.

खोटं एकदा सांगून भागत नाही, ते रोज पाळावं लागतं, हे आम्हाला तेव्हा कळलं. गल्लीतून जाताना लोक काकांच्या कानाशी येऊन ओरडायला लागले. काका हात कानामागे नेऊन "काय?" म्हणत. दुसऱ्यांदा ओरडल्यावर उत्तर देत. बिसेसरच्या आवाजात खरखर असली तरी खिडकीतून काही बोलत नसत. रमाकाकूंनी न सांगता साथ धरली. दारात उभ्या राहून "अहो, जेवायला चला" असं इतक्या जोराने म्हणत की कबुतरं उडत, आणि आत आल्यावर हळू आवाजात सांगत, "आमटीत मीठ जरा जास्त झालंय." काकूंना माहीत होतं, मला माहीत होतं आणि माधवला. गल्लीत चौथं कुणी नाही.

मग पाठशाळेची माणसं आली. शाल, श्रीफळ आणि मोठमोठ्याने बोलणं. इतकी वर्षं सेवा झाली, आता विश्रांती घ्या, यंदापासून परीक्षेला दुसरे परीक्षक नेमले आहेत. काकांनी हात कानामागे नेला. त्यांनी ते सगळं पुन्हा ओरडून सांगितलं. मी तिथे होते आणि मला वाटत होतं की उठावं, सांगून टाकावं की या माणसाला तुमच्या सगळ्यांपेक्षा जास्त ऐकू येतं. काकांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि मी बसून राहिले. परीक्षेच्या दिवशी मी मुद्दाम त्यांच्याकडे गेले. रामघाटाकडून मुलांचा पाठ वाऱ्यावर येत होता, मला नुसती गुणगुण ऐकू येत होती. काका भिंतीला टेकून बसले होते. मधेच त्यांचा चेहरा आखडला. काकूंनी उठून खिडकी लावून घेतली.

एवढं करून माधवचा गळा परत आला असता तर मी ही गोष्ट हसत सांगितली असती. शस्त्रक्रिया झाली, तीन महिने गेले, सहा गेले. आवाज आला तो फुटका, कुजबुजण्यापुरता. दौऱ्याची वेळ आली तेव्हा 'सीढ़ी'ने कंपनीला सगळं सांगून टाकलं, आणि कंपनीने अलाहाबादच्या मुलालाच घेतलं. कंपनीची काही तक्रार नव्हती. कॅसेट चालत होती, लोकांना ती तिन्ही गाणी आवडलीच होती. मग शहरात नवी चर्चा सुरू झाली की मूळ गायक बरा होता की हा बरा आहे. लालमन म्हणायचा जुना. मुली म्हणायच्या नवा. आता खरं काय ते उघड झालं होतं, म्हणजे काकांचं पहिलं सदर बरोबर होतं हे कुणाच्याही लक्षात यायला हरकत नव्हती. पण लोकांनी सरळ म्हटलं की बहिऱ्याचा अंदाज एकदा बरोबर आला. काकांनीही ते खोडून काढलं नाही. मी विचारलं तर म्हणाले, "आता मी ऐकू येतं म्हटलं, की लोक विचारायला येतील, कोण बरा. मग मला सांगावं लागेल."

माधव विद्यापीठाच्या ग्रंथालयात नोकरीला लागला. तिथे नाहीतरी कुजबुजूनच बोलतात, असं तो स्वतःच म्हणायचा, आणि ते ऐकून हसावं की काय करावं ते कळायचं नाही. रोज सकाळी तो काकांना स्नानाला घेऊन जायचा. मुका आणि बहिरा निघाले, असं गल्लीतली पोरं म्हणत.

मी काकांना शेवटचं पाहिलं ते मला नागपूरला नोकरी लागली तेव्हा. निरोप घ्यायला गेले तर काकू म्हणाल्या, अहिल्याबाई घाटावर गेलेत. हिवाळ्यातली सकाळ होती, धुकं होतं, स्नानाची गर्दी ओसरली होती. काका आणि माधव खालच्या पायऱ्यांवर अंग पुसून बसले होते. मी त्यांच्या मागे दोन पायऱ्या वर येऊन उभी राहिले. आणखी कुणीच नव्हतं. काकांनी मागे न बघता म्हटलं, "ये वसू. सामान बांधून झालं?" माझ्या चपलांवरून ओळखलं असणार. मी हो म्हटलं.

माधव पाण्याकडे पाहत होता. त्याने त्या फुटक्या आवाजात, हळूच, पण मला नीट ऐकू आलं इतपत विचारलं, "काका, एक खरं सांगा. त्या मुलाने ती तीन गाणी माझ्यापेक्षा चांगली म्हटली का?"

ती ओळ मी कापली होती. काकांना उत्तर माहीत होतं, मला माहीत होतं, आणि दिगूकाका आठल्ये विचारलेल्या प्रश्नाला काय उत्तर देतात ते माधवलाही माहीत होतं.

काकांनी सावकाश हात उचलून कानामागे नेला. "काय म्हणालास?" ते म्हणाले. "ऐकू येत नाही रे मला."

माधवने त्यांच्याकडे पाहिलं. मग त्यांचा ओला पंचा उचलून पिळला आणि खांद्यावर टाकला. परत विचारलं नाही.